वादळात कुत्र्यांना आत घेतलं म्हणून क्रमांक घसरला: चूक नियमाची की मशरची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०२२ च्या इडिटरॉड शर्यतीत, म्हणजे अलास्कातल्या, कुत्र्यांनी स्लेज (बर्फावरची गाडी) ओढायच्या शर्यतीत, अगदी शेवटच्या टप्प्यात बर्फाचं वादळ आलं. तीन मशरांनी, म्हणजे स्लेज हाकणाऱ्यांनी, आपले कुत्रे वाटेवरच्या निवारा-केबिनमध्ये घेतले. शर्यत संपल्यावर समितीने त्यातल्या दोघींचा क्रमांक खाली आणला आणि तिसऱ्याला १,००० डॉलर दंड केला. तुम्ही विचारलंय, ‘कुत्र्यांचा जीव जपणाऱ्यालाच शिक्षा असेल, तर तिथलं पशुकल्याण हे निव्वळ नाटक नाही का?’

राग समजतो. पण मी पशुवैद्य म्हणून ज्या बाजूने हे बघतो तिथून प्रश्नाचा आकार थोडा वेगळा दिसतो. त्या तिघांनी केलं ते कुत्र्यांच्या भल्याचंच होतं. शर्यतीच्या संचालकांनीही निर्णय देताना हे मान्य केलं होतं. वाद दयेबद्दल नव्हताच. घड्याळ चालू असताना एखाद्याने दया दाखवली, तर तिची किंमत कोणी मोजायची, याबद्दल होता. ती त्या मशरने मोजायची, मागे बाहेर वाऱ्यात बसलेल्या दुसऱ्या संघाने, की पुढच्या वर्षी धावणाऱ्या कुत्र्यांनी? तिसरा पर्याय विचित्र वाटेल, पण माझं सगळं उत्तर त्याच्यावरच उभं आहे.

आधी थोडी ओळख, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांना ही शर्यत माहीत नसेल. इडिटरॉड १९७३ पासून नोमपर्यंत धावली जाते. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. मार्चच्या सुरुवातीला अँकरेजमध्ये नावापुरती सुरुवात होते, खरी शर्यत दुसऱ्या दिवशी विलोहून सुटते, आणि पर्वतरांग, युकॉन नदी व बेरिंग समुद्राचा किनारा पार करून नोमला संपते. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्याला सुमारे २० दिवस लागले होते, आता आघाडीचे संघ आठ-नऊ दिवसांत पोहोचतात. कुत्रे बहुतेक ‘अलास्कन हस्की’. पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये एसी लावून पाळतात तो गुबगुबीत सायबेरियन हस्की डोळ्यांसमोर आणू नका. हे मिश्र रक्ताचे, सडपातळ, साधारण २० ते २५ किलोचे कुत्रे. शर्यतीत दिवसाला दहा हजार किलोकॅलरीच्या घरात खातात, आणि त्यातला मोठा वाटा चरबीचा असतो.

आता तो नियम, २०२२ मध्ये होता तसा. कुत्र्यांना कुठल्याही निवाऱ्यात घ्यायचं नाही. अपवाद एकच, शर्यतीच्या पशुवैद्याने तपासणीसाठी किंवा उपचारासाठी आत घेतलं तर. तपासणी झाली की कुत्रा परत बाहेर, शर्यतीतून काढला नसेल तर. वाचायला निर्दय वाटतो, पण त्यामागची कारणं नीट बघावीत.

पहिलं कारण शारीरिक आहे. या कुत्र्याला उणे वीस अंश ही धावायला चांगली हवा. उलट शून्याच्या आसपासचं तापमान मला जास्त घाबरवतं, कारण धावताना शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि उष्णता बाहेर टाकायला धापा टाकण्याशिवाय फारसा मार्ग नसतो. असा कुत्रा शेगडी पेटलेल्या खोलीत नेला की तो धापा टाकतो, पाणी गमावतो, केसांतला बर्फ वितळून आतली लव ओली होते. चार तासांनी त्याच ओल्या लवेनिशी बाहेर वाऱ्यात काढला, तर त्याला आत नेऊन आपण नुकसानच केलं. थंड, कोरडी, फक्त वारा अडवणारी खोली ही वेगळी गोष्ट. पण नियम लिहिताना खोली कशी असेल हे कुणालाच माहीत नसतं. दुसरं, एका खोलीत दोन संघ कोंबले की खोकला, जुलाब आणि भांडणं तिन्ही पसरतात. तिसरं, वाटेवरच्या या केबिन बाहेर अडकलेल्या माणसांसाठी, गावागावांतल्या स्नोमोबाइलवाल्यांसाठी आहेत.

चौथं कारण मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पुढे केबिन आहे आणि तिच्यात कुत्रे नेता येतात हे पक्कं असेल, तर मशर चेकपॉइंटवरून वाईट हवेत निघतो. ‘फार झालं तर केबिन आहेच.’ मग ती केबिन गाठण्यासाठी तो संघाला वादळात दामटतो. पोहोचला तर ठीक, नाही पोहोचला तर उघड्या किनाऱ्यावर अडकतो, जिथे आडोशाला झाडसुद्धा नाही. आत घ्यायची बंदी असेल तर तोच मशर गावात थांबून पेंढ्यावर कुत्रे झोपवतो आणि वारा पडायची वाट बघतो. म्हणजे या नियमाचा फायदा जे कुत्रे निघालेच नाहीत त्यांना झालेला असतो, आणि तो कुणाला दिसत नाही.

हे सगळं मान्य करूनही बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. वारा किती आणि कुठून, कुत्रे कोरडे आहेत की समुद्रावरच्या उघड्या पाण्यातून भिजून आलेत, शेवटचं खाणं कधी झालं, संघात पहिल्यांदाच धावणारे तरुण कुत्रे किती, आणि मशर स्वतः शुद्धीत विचार करतोय का. शेवटचा मुद्दा हलका घेऊ नका. आठ दिवस तुकड्यातुकड्यांत झोपलेला माणूस निर्णय घेत असतो. बोटं बधिर झालेल्या माणसाला कुत्र्याच्या अंगावर कोट घालता येत नाही, स्टोव्ह पेटवता येत नाही. त्यामुळे ‘मशरने स्वतःचा जीव वाचवायला आत जावं, पण कुत्रे बाहेर ठेवावेत’ हे कागदावर सोपं आहे. ज्या मशरना मी भला मानतो त्यांना ते जमत नाही.

आता शर्यतीत कल्याण नेमकं कुठे राहतं ते बघू. तत्त्वांच्या यादीत ते जागोजागी लिहिलेलं असतं, पण कुत्र्याला त्याचा उपयोग घड्याळात शिरल्यावरच होतो. सगळ्यांत परिणामकारक नियम म्हणजे सक्तीची विश्रांती: एक सलग २४ तासांची, मशर निवडेल त्या चेकपॉइंटवर, एक ८ तासांची युकॉन नदीवर, आणि एक ८ तासांची व्हाइट माउंटनला, नोमच्या १२४ किलोमीटर आधी. या नियमात कुणाच्याही दयेला आवाहन नाही. सगळ्यांनाच तेवढंच थांबावं लागतं, म्हणून विश्रांती देणारा हरत नाही. बारकावा बघा: संघ दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात, आणि हा सुरुवातीचा फरक २४ तासांच्या थांब्यातच भरून काढला जातो. म्हणजे घड्याळ दुरुस्त करायची जागा आणि कुत्रे झोपायची जागा एकच. युकॉन क्वेस्टने, म्हणजे फेअरबँक्स ते व्हाइटहॉर्स या तितक्याच लांबीच्या शर्यतीने, अनेक वर्षं डॉसन सिटीला ३६ तासांचा थांबा ठेवला होता, कारण तिथे चेकपॉइंट कमी आणि दोन थांब्यांमधलं अंतर जास्त.

दुसरा तसाच नियम संघाच्या आकाराचा. २०१८ पर्यंत १६ कुत्रे चालत, २०१९ मध्ये ही मर्यादा १४ वर आणली. कमी कुत्रे म्हणजे प्रत्येकावर जास्त ओझं, असं पहिल्यांदा वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं. एकट्या माणसाला १६ कुत्र्यांच्या ६४ पायांतल्या बूटी, म्हणजे पंजावरचे कापडी मोजे, काढायच्या, प्रत्येक पंजा बघायचा, मलम लावायचं, मनगट चोळायचं, खाऊ घालायचं आणि मग स्वतः झोपायचं, यात दोन तास जातात. आठ पाय कमी झाले की उरलेल्यांकडे बारकाईने बघणं होतं. शिवाय गाडीची ओढ कमी झाल्याने उतारावरचा वेग आवाक्यात राहतो, आणि खांद्याच्या दुखापतींना वेग फार कारणीभूत असतो.

चेकपॉइंटवर पशुवैद्य काय करतो, हेही सांगतो. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्ततपासणी झालेली असते, मायक्रोचिप असते. वाटेत मशरकडे एक पशुवैद्यकीय वही असते, ती प्रत्येक चेकपॉइंटवर दाखवून सही घ्यायची. ती विसरणं म्हणजे सक्तीचं सामान विसरणं, कुऱ्हाड किंवा झोपायची बॅग विसरण्याइतकंच. तपासणीचा क्रम एच-ए-डब्ल्यू-एल या अक्षरांनी लक्षात ठेवतात: हृदयाचे ठोके आणि शरीरातलं पाणी, भूक आणि वृत्ती, वजन, फुप्फुसं.

मी मात्र स्टेथोस्कोप काढण्याआधी संघ येताना बघतो. टगलाइन, म्हणजे कुत्र्याच्या हार्नेसपासून मुख्य दोरीला जाणारी दोरी, कुणाची ढिली आहे? डोकं कुणाचं पावलागणिक खालीवर होतंय? पुढच्या पायाने लंगडणारा कुत्रा दुखऱ्या पायावर भार येताना डोकं वर उचलतो. थांबल्याबरोबर कोण लगेच आडवा झाला, आणि कोण उभा राहून स्लेजमधल्या खाण्याकडे बघतोय? खायला टाकल्यावर ज्याने तोंड फिरवलं तो माझ्या यादीत पहिला. या कुत्र्याने खाणं नाकारणं ही साधी गोष्ट नसते. जठराला व्रण झालेले असू शकतात. लांब धावणाऱ्या स्लेज-कुत्र्यांची एंडोस्कोपी करून ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या मायकेल डेव्हिस यांच्या गटाने दाखवलं की शर्यतीनंतर जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या जठरात जखमा असतात. म्हणून आम्लता कमी करणारी औषधं द्यायला मुभा आहे आणि बहुतेक मशर ती देतात.

मग हात लावायचा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसायला हवी. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. बरगड्या आणि कंबरेच्या हाडांवरची चरबी हाताने जोखायची, कारण केसांखाली डोळ्याला काही दिसत नाही. प्रत्येक सांधा वाकवून बघायचा, विशेषतः मनगट, खांदा आणि दंडामागचा स्नायू. छाती ऐकताना घाई करायची नाही. धावताना उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर होणारा न्यूमोनिया हा या शर्यतीतला मोठा मारेकरी आहे, आणि सुरुवातीला तो फक्त थोडा खोकला व किंचित मंदपणा एवढाच दिसतो. लघवीचा रंग मशरला विचारायचाच. कॉफीसारखी गडद लघवी म्हणजे स्नायू मोडून त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडात जातंय. तो कुत्रा तिथेच थांबला. तासाभराच्या विश्रांतीनंतरही ज्याचे ठोके खाली येत नाहीत, तोही.

इथे नियम आणि कल्याण यांची खरी टक्कर सुरू होते, वादळ असो वा नसो. वाटेत चेकपॉइंटवर सोडलेल्या कुत्र्याच्या जागी नवा घेता येत नाही, आणि नोमला पोहोचताना किमान पाच कुत्रे जुंपलेले लागतात. म्हणजे प्रत्येक दुखऱ्या कुत्र्याचा हिशोब मशरच्या डोक्यात दोन्ही बाजूंनी चालतो. दहा-बारा कुत्रे असताना तो पटकन सोडून देतो. दुखरा कुत्रा ओढत नाही, त्याला गाडीत घालून न्यावा लागला तर वीसेक किलो वाढतात. इथे स्वार्थ आणि दया एकाच दिशेला धावतात. पण संघ सहा कुत्र्यांवर आला की सगळं उलटतं. आता एक सोडला तर पाच उरतील, आणि मग पुढचा एक गेला की शर्यतच संपली. अशा वेळी ‘थोडा आखडलाय, उद्या मोकळा होईल’ असं ऐकायला मिळतं. म्हणून माझा साधा संकेत असा आहे की सहा-सात कुत्रे उरलेल्या संघाची तपासणी दुप्पट वेळ घेऊन करायची, वही न बघता, जणू पहिल्यांदाच बघतोय अशी. दुसरा गट अगदी आघाडीचा, जिथे तासाभराची विश्रांती खिशातल्या पैशांत मोजली जाते. आणि तिसरा गट शेवटचा. फार मागे राहिलेल्या संघाला ‘स्पर्धेत नाही’ म्हणून बाहेर काढायचा अधिकार समितीला आहे, आणि त्या भीतीने नवखा मशर विश्रांती कापतो. त्याला हात धरून सांगावं लागतं की झोप कापून वेग वाढत नाही. दमलेला संघ पुढच्या टप्प्यात त्याहून जास्त वेळ घालवतो.

सोडलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं, हाही नियमाचाच भाग असायला हवा, आणि तो एका मृत्यूनंतर जास्त कडक झाला. २०१३ मध्ये उनालाक्लीटला सोडलेला डोराडो नावाचा कुत्रा वादळात बांधलेल्या जागी बर्फाखाली गाडला जाऊन गुदमरून गेला. तो धावतही नव्हता, शर्यतीच्या ताब्यात होता. त्यानंतर तिथे कुत्र्यांसाठी आडोसे बांधले गेले, लक्ष ठेवण्याच्या फेऱ्या वाढल्या आणि छोट्या विमानांनी कुत्रे लवकर परत न्यायची व्यवस्था सुधारली. अँकरेजजवळच्या हायलँड माउंटन तुरुंगातल्या कैदी बायकांनी अनेक वर्षं या परतलेल्या कुत्र्यांची देखभाल केली. मशर कुत्रा निश्चिंतपणे सोडू शकला पाहिजे. पुढची सोय वाईट असेल, तर तो कुत्रा स्वतःजवळच ठेवणं पसंत करतो.

औषधांचं प्रकरण आटोपशीर सांगतो. आजाराची किंवा दुखापतीची लक्षणं दाबणारं कुठलंही औषध बंद. वेदनाशामक लागलं की कुत्रा शर्यतीबाहेर, उपचार मात्र लगेच. पशुवैद्याच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे, कारण उपचार देताना तो पुढे धावेल का हा विचारच उरत नाही. २०१७ मध्ये एका आघाडीच्या संघातल्या चार कुत्र्यांच्या नमुन्यांत ट्रॅमाडोल हे वेदनाशामक सापडलं. तेव्हाच्या नियमात मशरचा हेतू सिद्ध करावा लागे, म्हणून कारवाई होऊ शकली नाही, आणि पुढे समितीने तो मशर जबाबदार नसल्याचं जाहीरही केलं. नियम मात्र बदलला: नमुन्यात औषध सापडलं की ते कसं आलं हे दाखवायची जबाबदारी मशरची.

आता वादळ. केबिन नाही असं धरून काय करायचं, ते क्रमाने सांगतो, कारण यातलं बहुतेक आधीच करायचं असतं. वारा वाढतोय हे जाणवलं की थांबायचा निर्णय कुत्र्यांनी घेण्याआधी आपण घ्यायचा. पुढचे कुत्रे वाऱ्यात डोळे मिटून बसले की संघ पुन्हा उठवणं फार कठीण. २०१९ मध्ये आघाडीवर असलेला निकोलस पेटी शाक्टूलिक आणि कोयुक या चेकपॉइंटच्या दरम्यान कुत्रे पुढे जायलाच तयार नसल्याने शर्यत सोडून परतला. हवा फार वाईट नसतानाही हे झालं, तर वादळात काय होईल? थांबल्यावर संघ वाऱ्याच्या आडोशाला, काहीच नसेल तर स्लेज आडवी करून तिच्या मागे घ्यायचा. टगलाइन सोडायची, म्हणजे कुत्रा अंगाची गुंडाळी करून बसू शकतो. बूटी काढायच्या. आवळलेल्या बूटीत रक्ताभिसरण कमी होतं, घाम व बर्फ गोठतो आणि पंजाला हिमदंश होतो. धावताना बूटी रक्षण करते, झोपताना घात करते. अंगावर कोट, नरांच्या शिश्नाच्या आवरणाला व वृषणांना आणि पिल्लं झालेल्या माद्यांच्या आचळांना लोकरीचं आवरण, कारण तिथे केस विरळ असतात आणि वारा आधी तिथेच धरतो.

लगेच खाणं. गोठलेली चरबी किंवा मासा, चावून खाता येईल एवढे तुकडे. मग पाणी, पण साधं पाणी कुत्रा थंडीत पीत नाही. त्यात मांस किंवा माशाचा रस मिसळून चव आणावी लागते. नियमानुसार किमान ११ लिटर पाणी उकळेल असा कुकर आणि त्यापुरतं इंधन जवळ असतंच. वादळात तो पेटवायची हिंमत आणि बोटं उरली आहेत का हा वेगळा प्रश्न, म्हणून कोमट रस्सा भरलेला थर्मास चेकपॉइंटवरूनच घेऊन निघावा. पुढे अंगावर साचणारा बर्फ काही अंशी उबदार पांघरूण असतो, पण दर तासाला प्रत्येक कुत्र्याला हात लावून बघायचं, नाक मोकळं आहे का, दोरी बर्फात रुतून मान आवळली नाही ना. डोराडोच्या बाबतीत नेमकी हीच फेरी कमी पडली.

एवढं करूनही वारा असा असू शकतो की कोट घातलेला कुत्रा कुडकुडायला लागतो. कुडकुडणं थांबलं आणि तो सुस्त झाला तर ते सुधारण्याचं लक्षण नाही, शरीर हरतंय. त्या क्षणी केबिन जवळ असेल तर मी कुठल्याही मशरला आत जा असंच सांगेन, आणि नंतर काय होईल ते होऊ दे म्हणेन.

म्हणून २०२२ च्या निकालाचे दोन भाग करून बघावेत. मिले पोर्सिल्ड चौदाव्यावरून सतराव्या क्रमांकावर गेली, मिशेल फिलिप्स सतराव्यावरून अठराव्यावर. बक्षिसातले अनुक्रमे सुमारे ३,४५० आणि १,००० डॉलर गेले. त्यांचे कुत्रे वाऱ्याबाहेर झोपले, ताजे होऊन निघाले, आणि ज्यांचे कुत्रे उघड्यावर राहिले त्यांच्या पुढे पोहोचले. तो क्रमांक दुरुस्त करणं मला रास्त वाटतं. तसं केलं नाही तर पुढच्या वर्षी केबिन हा डावपेच होतो, आणि मग मी वर म्हटलं तसं वाईट हवेत निघणं सुरू होतं. पण तिसऱ्या मशरचा दंड मला पटत नाही. त्याच्या कृतीने दुसऱ्या कुणाच्या क्रमांकावर परिणाम झाला नाही म्हणूनच त्याचा क्रमांक खाली आणला नव्हता. मग फायदाही नाही, कुणाचं नुकसानही नाही, उरलं काय? कुत्र्यांना वाचवल्याची पावती. क्रमांकाची दुरुस्ती आणि शिक्षा या दोन गोष्टी समितीने एकाच कागदावर लिहिल्या, आणि तुमच्यासारख्या वाचकाचा सगळा राग त्यातून आला.

मृत्यूच्या नियमात हा फरक जास्त नीट पाळला आहे. कुत्रा गेला तर मशरने शर्यत सोडायची, अपवाद टाळता न येणाऱ्या संकटाचा, जसा मूसचा, म्हणजे तिथल्या अजस्र हरणाचा, हल्ला. २०२४ मध्ये तीन संघांतला एकेक कुत्रा दगावला आणि तिघेही मशर बाहेर पडले. कुणावर दोषारोप न करता हे होतं. त्याच वर्षी डॅलस सीव्ही या मशरला वाटेत कुत्र्यांवर आलेला मूस मारावा लागला, पण त्याची आतडी नियमाप्रमाणे पुरेशी न काढता निघाल्याबद्दल दोन तासांची वेळ वाढवली, तरी तो जिंकला. त्यातही त्याच्या जखमी कुत्र्याला लवकर चेकपॉइंटला नेणं एका बाजूला आणि मेलेल्या जनावराचं मांस वाया न घालवणं दुसऱ्या बाजूला, असा पेच होता. दोन तासांची वेळ वाढली, पैशांचा दंड नाही.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींशी तुलना तुम्ही केली आहे, तिथे जरा जपून. तिथली शर्यत काही सेकंदांची, प्रश्न मुख्यतः चाबूक, टोचणी आणि जुंपण्याआधीच्या वागणुकीचा. २०१४ च्या बंदीपासून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंतचा वाद त्याभोवतीच होता. इथे छळ सहसा माणसाच्या हातून होत नाही, तो झोप, पाणी आणि वाऱ्याच्या हिशोबातून होतो, म्हणून तपासणीही वेगळी लागते.

नियम मी लिहिला असता तर असा. कुत्र्यांच्या जिवाला धोका वाटला तर मशरने संघ निवाऱ्यात न्यावा, परवानगी लागणार नाही. पुढच्या चेकपॉइंटला त्याने स्वतःहून सांगायचं, आणि प्रत्येक कुत्र्याची तपासणी होईल. आत जेवढे तास घालवले तेवढे, आणि वर एक ठरावीक भर, त्याच्या वेळेत मिळवायची. ही भर पुरेशी मोठी हवी, म्हणजे केबिन गृहीत धरून कुणी निघणार नाही, पण इतकी मोठी नको की कुडकुडणारा कुत्रा बाहेर ठेवणं परवडेल. माझ्या अंदाजाने दोन ते चार तास, पहिल्या काही शर्यतींत बघून बदलता येईल. पैशांचा दंड नाही. आणि ही वेळ संघाला वाटेत थांबवून वसूल करायची नाही. व्हाइट माउंटनच्या पुढे फक्त सेफ्टी हा चेकपॉइंट आहे, नोमच्या ३५ किलोमीटर आधी, वाऱ्याच्या तोंडावर. तिथे वादळातून आलेला संघ ‘शिक्षा’ म्हणून उभा करणं हा मूर्खपणा होईल. वेळ नोमला पोहोचल्यावर, कुत्रे पेंढ्यावर झोपल्यावर, कागदावर वाढवायची.

एक अडचण तरीही राहतेच. केबिन एक आणि संघ तीन आले तर? आत असलेल्याने जागा द्यायची, नाही दिली तर ती मात्र शिक्षेची गोष्ट, हे मला स्पष्ट वाटतं. पण तिन्ही संघांचे कुत्रे मावतील अशी केबिन त्या किनाऱ्यावर नाही, आणि कोणते कुत्रे आत न्यायचे हे ठरवणारा पशुवैद्य तेव्हा तिथे नसतो.